चाकोरीबाहेरचे चित्रपट

श्रोते हो, चित्रपट म्हटला की त्यात काय काय असावयास हवे, याची एक यादी आपल्या प्रत्येकाच्या मनात तयार असते. गोष्ट हवी, गोष्टीला नायक-नायिका हवी, त्यांच्या वाटेत आडवा येणारा कोणी तरी हवा, आणि दोन-अडीच तासांनी सारे एकदाचे गोड व्हावयास हवे. ही यादी आपल्याला कोणी शिकवलेली नाही. लहानपणापासून जे पाहत आलो, त्यातून ती आपोआप बनली. म्हणून या यादीत न बसणारे काही पडद्यावर आले की, ‘हे काय विचित्र !’ असे म्हणून आपण खुर्चीवरून उठू लागतो. आज मी बोलणार आहे ते अशा विचित्र ठरलेल्या काही चित्रपटांविषयी. ते का पाहावेत, आणि ते आपल्या काळापर्यंत येऊन पोचले कसे, हे मला सांगावयाचे आहे.

‘विचित्र’ हा शब्दही थोडा पारखून घेतला पाहिजे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ बहुरंगी, नानाविध, विस्मयकारक असा आहे. मराठीत येता येता त्याला नाक मुरडण्याचा अर्थ चिकटला. परंतु एखादी गोष्ट विचित्र वाटणे, हा पुष्कळदा त्या गोष्टीचा गुणधर्म नसून आपल्या सवयीचा असतो. आपला कीर्तनकार घ्या. एकटा मनुष्य, अंगावर तोच अंगरखा आणि तेच उपरणे. पण घटकेत तो राम होतो, घटकेत रावण होतो, आणि पुढच्याच क्षणी त्या दोघांना बाजूला ठेवून श्रोत्यांना दोन उपदेशाचे शब्द सुनावतो. ना देखावा, ना वेष. तरी सभामंडपातील एकाही आजीबाईला यात काही विचित्र वाटत नाही. त्या कलेने काय काय सोडून दिले आहे, हे आपण विसरून गेलो आहोत. मिळते तेवढे भरपूर आहे.

चाकोरीबाहेरचा चित्रपट पाहताना हीच कसोटी मी वापरतो. त्याने काय सोडले, आणि त्या मोबदल्यात काय दिले ? मी अनेक वर्षे मुलांचे निबंध तपासले. ठरलेल्या साच्यात लिहिणारा मुलगा बहुधा पास होई. साचा मोडणाऱ्या मुलाचा निबंध मात्र दोनदा वाचावा लागे. कारण साचा दोन प्रकारांनी मोडतो : तो येत नाही म्हणून, किंवा सांगावयाचे ते त्यात मावत नाही म्हणून. चित्रपटांचेही तसेच आहे. निव्वळ चमकावण्यासाठी केलेली विचित्र चित्रे पुष्कळ आहेत. त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही.

आरंभ आपल्याच घरापासून करू. सन १९१२ मध्ये दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन मुंबईस परतले. भांडवल नव्हते, आणि ‘राजा हरिश्चंद्रा’चे चित्रण अजून सुरू व्हावयाचे होते. धनिकांची खात्री पटावी म्हणून त्यांनी जे पहिले चित्र घेतले, त्यात ना राजा होता ना राणी. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून, त्याच्यासमोर कॅमेरा रोवून, एकेक चौकट टिपत त्यांनी त्या रोपाची वाढ चित्रित केली. कित्येक दिवसांची ती वाढ पडद्यावर बघता बघता पुरी होई. माती फोडून अंकुर वर येतो, पाने उलगडतात, वेल चढू लागतो. नट, संवाद, कथा हे सारे येथे सुटले होते. मिळाले होते ते मानवी डोळ्याला एरवी कधीच न दिसणारे काळाचे चालणे. रंगभूमीला जे करता येत नाही, आणि चित्रकलेलाही करता येत नाही, ते त्या दाण्याने करून दाखविले. भांडवलाची सोय झाली, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. म्हणजे भारतीय कथापटाच्या जन्मकथेच्या आरंभीच एक अत्यंत चाकोरीबाहेरचे चित्र उभे आहे. दुर्दैवाने ते वाटाण्याचे चित्र आज पाहावयास मिळत नाही. ही खंत ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी शेवटी पुन्हा वळणार आहे.

आता युरोपात जाऊ. पहिले महायुद्ध संपून जर्मनी हरलेला, दरिद्री आणि भयग्रस्त असा उभा होता. फेब्रुवारी १९२० मध्ये बर्लिन येथे रॉबर्ट वीने या दिग्दर्शकाचा ‘डॉक्टर कॅलिगारी’ हा मूकपट दाखविण्यात आला. गावच्या जत्रेत कॅलिगारी नावाचा एक खेळवाला येतो. त्याच्याजवळ उभ्या पेटीत झेझारे नावाचा एक झोपेत चालणारा तरुण असतो. तो लोकांचे भविष्य सांगतो. आणि मग रात्री गावात खून पडू लागतात. कथा भयाची आहे, पण खरा नवलाचा भाग निराळाच. या चित्रपटातील एकही घर सरळ नाही. भिंती कलंडलेल्या, खिडक्या सुरीच्या पात्यासारख्या तिरप्या, रस्ते वळून वळून अंधारात शिरणारे. आणि उजेड-सावल्याही दिव्यांच्या नव्हेत, तर कापडावर व जमिनीवर चक्क रंगाने काढलेल्या. हेरमान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिग या तिघांचे हे काम.

आपल्या संगीत नाटकांतही रंगविलेले पडदे असत. रस्त्याचा, राजवाड्याचा, अरण्याचा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंची ख्याती प्रथम अशा पडद्यांमुळेच झाली. परंतु तेथे चित्रकाराची धडपड ही, की रस्ता खराखुरा वाटावा. कॅलिगारीच्या चित्रकारांनी हा खरेपणाच सोडला. भेदरलेल्या मनाला जग जसे दिसते तसे त्यांनी ते रंगविले. आपण तापात असताना खोलीचे कोपरे जवळ येतात, तसे. हे जग असे वाकडे का, याचे एक उत्तर चित्रपटाच्या शेवटी आहे. ते आधीच सांगून आपला रसभंग मी करणार नाही.

या चित्रपटाची एक उत्तरकथा मात्र सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या हुकमाने झोपेतच हत्या करणारा मनुष्य आणि त्याला चालविणारा हुकूमशहा, ही जोडी पुढे जर्मनीने प्रत्यक्षात पाहिली. झिगफ्रीड क्राकाउअर या लेखकाने १९४७ साली एक ग्रंथ लिहून कॅलिगारीपासून हिटलरपर्यंतची मानसिक वाट दाखविण्याचा यत्न केला. त्याचे सगळे म्हणणे विद्वानांना मान्य नाही. पण नटांचे काय झाले ते पाहा. झोपेत चालणाऱ्याची भूमिका करणारा कॉनराड फाइट १९३३ साली, हिटलर सत्तेवर येताच, जर्मनी सोडून गेला. आणि १९४२ च्या ‘कासाब्लांका’ या अमेरिकी बोलपटात त्याने नाझी अधिकाऱ्याचे काम केले. कॅलिगारी झालेला वेर्नर क्राउस मात्र मागे राहिला, आणि १९४० साली ‘ज्यू झ्यूस’ या ज्यूद्वेष पसरविणाऱ्या चित्रपटात त्याने भूमिका केल्या. पडद्यावर जो झोपेत होता तो वेळीच जागा झाला.

कॅलिगारीने खरी घरे सोडली. त्याच बर्लिनच्या लोटे रायनिगर या तरुणीने तर नटच सोडला. १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षे खपून तिने ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा चित्रपट पुरा केला. गोष्टी अरबी सुरस कथांतल्या; पात्रे मात्र काळ्या पुठ्ठ्याची, कात्रीने कातरलेली. हात, मनगट, मान असे तुकडे वेगळे कापून ते तारेने सांध्यांत जोडावयाचे, खालून उजेड सोडलेल्या काचेच्या मेजावर ती आकृती ठेवावयाची, वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एक चौकट टिपावयाची, मग बोट जरासे सरकवून दुसरी. वाटाण्याच्या रोपापुढे फाळक्यांनी जी चिकाटी दाखविली, तीच येथे तीन वर्षे चालली. कॅमेऱ्याची बाजू तिचा पती कार्ल कोख सांभाळी. लुई हागेन नावाच्या एका पेढीवाल्याने, जर्मन चलन कवडीमोल होऊ लागले तेव्हा, पैशांऐवजी कोऱ्या फिल्मचा साठा करून ठेवला होता. तो त्याने या कामास दिला, आणि पॉट्सडॅम येथील आपल्या मोटारखान्याच्या माडीवर जागाही दिली.

या काळ्या आकृतींना डोळे नाहीत, ओठ नाहीत, चेहऱ्यावर भाव नाहीत. तरी मान किंचित झुकली की लज्जा दिसते, खांदे पडले की निराशा दिसते. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नवल वाटणार नाही. त्या बाहुल्या रंगीत व पारदर्शक असतात, या ठार काळ्या आहेत. परंतु सावलीला जीव देण्याची विद्या एकच. वॉल्ट डिस्नेचा ‘हिमगौरी’ १९३७ सालचा. त्याच्या अकरा वर्षे आधीचे हे काम आहे, आणि आज शिल्लक असलेल्या पूर्ण लांबीच्या चलच्चित्रांत सर्वांत जुने आहे. त्याची मूळ प्रत १९४५ साली बर्लिनच्या लढाईत नष्ट झाली. लंडनच्या संग्रहात एक प्रत राहिली होती म्हणून आपण राजपुत्र अहमदला उडत्या घोड्यावर पाहू शकतो.

तिसरे चित्र याच्या अगदी उलट्या टोकाचे. तेथे चेहरा नव्हता. येथे चेहऱ्यावाचून दुसरे काही नाही. कार्ल थिओडोर ड्रायर या डेन्मार्कच्या दिग्दर्शकाने फ्रान्समध्ये तयार केलेला ‘जोन ऑफ आर्कची यातना’ हा मूकपट १९२८ साली प्रदर्शित झाला. फ्रान्सच्या या वीरकन्येला १४३१ साली रुआँ येथे, वयाच्या सुमारे एकोणिसाव्या वर्षी, जिवंत जाळण्यात आले. असा विषय हाती आल्यावर कोणीही लढाया, घोडे, राज्याभिषेक दाखविता. ड्रायरने ते सर्व टाकले. खटल्याची मूळ कागदपत्रे उपलब्ध आहेत. त्यांचा आधार घेऊन, महिनोगणती चाललेली चौकशी त्याने जणू एका दिवसात आणली, आणि न्यायाधीशांचे व आरोपीचे चेहरे पडदाभर दाखविले. कोणाच्याही चेहऱ्यावर रंग नाही. सुरकुती, चामखीळ, डोळ्यांतील पाणी, ओठांवरची भेग, सारे उघडे. रने फाल्कोनेती या रंगभूमीवरील नटीने जोनची भूमिका केली. तिचे केस कापले जातात ते दृश्य पाहताना आपण नाटक पाहत आहोत हे भान राहत नाही, कारण ते केस खरोखरीच कापले जात होते. गंमत अशी की, या चित्रपटासाठी मोठ्या खर्चाने किल्ल्याचा भव्य देखावा उभारला होता, आणि तो उभारणाऱ्यांत कॅलिगारीचा तोच हेरमान वार्म होता. पडद्यावर त्या किल्ल्याचे कोपरेच काय ते दिसतात. निर्मात्यांना त्याचा राग येणे साहजिक होते. पण किल्ला दिसला असता, तर तेवढा वेळ आपली नजर त्या मुलीच्या डोळ्यांवरून हटली असती.

या चित्रपटाचे पुढे झाले ते जोनच्याच कथेसारखे. अधिकाऱ्यांनी आणि धर्मसत्तेने त्यात कापाकाप केली. १९२८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये आग लागून मूळ निगेटिव्ह जळाले. ड्रायरने न वापरलेल्या तुकड्यांतून दुसरे जुळविले. पुढच्या वर्षी तेही आगीत सापडले. पन्नासांहून अधिक वर्षे लोक त्याच्या मोडक्यातोडक्या प्रतीच पाहत होते. आणि मग १९८१ साली नॉर्वेतील ओस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात मूळ डॅनिश आवृत्तीची प्रत सापडली. ड्रायर १९६८ सालीच वारला होता. आपले काम वाचले आहे, हे त्याला कळले नाही.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. घर सोडले, नट सोडला, देखावा सोडला. राहता राहिली गोष्ट. तीही सोडणारा निघाला. झिगा व्हेर्टोव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सोव्हिएत दिग्दर्शकाचा ‘कॅमेरावाला माणूस’ हा मूकपट १९२९ सालचा. त्यात कथा नाही, नट नाहीत, आणि मूकपटात मधून मधून येणाऱ्या अक्षरांच्या पाट्याही नाहीत. एक शहर पहाटे जागे होते, दिवसभर राबते, संध्याकाळी खेळते, बस्स, एवढेच. आणि ते शहर तरी एक कोठे आहे ? मॉस्को, कीव्ह, ओडेसा अशा निरनिराळ्या शहरांचे तुकडे सांधून ते बनविलेले आहे. एका कचेरीत विवाहाची नोंद होते, लगेच दुसरीत काडीमोडाची. कोठे प्रेतयात्रा चालली आहे, कोठे मूल जन्मास येत आहे. कॅमेरा घेऊन सगळीकडे धावणारा मनुष्य म्हणजे व्हेर्टोव्हचा भाऊ मिखाइल कॉफमान; तोही आपल्याला दिसत राहतो.

यातील एक प्रसंग मी आवर्जून पाहावयास सांगेन. एक घोडा भरधाव धावत असतो आणि एकाएकी थिजतो. मग आणखी काही चेहरे तसेच स्थिर होतात. पाहतो तो, त्या फिल्मच्या पट्ट्या एका स्त्रीच्या हातात आहेत. ती त्या निवडते आहे, कापते आहे, जोडते आहे. ही व्हेर्टोव्हची पत्नी व संकलक एलिझावेटा स्विलोवा. तिने जोडताच घोडा पुन्हा धावू लागतो. चित्रपट कसा बनतो, हे चित्रपटच सांगतो आहे. जादूगाराने आपली पोतडी उलटी करून दाखवावी आणि तरीही जादू कमी होऊ नये, तसे हे आहे. पण त्या काळी आयझेन्स्टाइनसारख्या समर्थ सहव्यवसायिकानेही याला कॅमेऱ्याच्या निष्कारण करामती म्हणून नावे ठेवली. पुढे स्टालिनच्या राजवटीत व्हेर्टोव्ह मागे पडला, वार्तापटांच्या किरकोळ कामावर त्याला दिवस काढावे लागले, आणि १९५४ साली तो वारला. २०१२ साली एका ब्रिटिश मासिकाने जगातील समीक्षकांकडून आजवरच्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांचा कौल घेतला. त्यात हे गोष्ट नसलेले चित्र आठवे आले.

आता पुन्हा स्वदेशी येऊ. हा प्रकार परदेशातच झाला असे नाही. नर्तक उदयशंकर यांनी मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत चित्रित केलेला ‘कल्पना’ हा बोलपट १९४८ साली आला. एक तरुण लेखक आपली कथा घेऊन चित्रपट-निर्मात्याकडे जातो आणि ती त्याला सांगू लागतो. ती सारी कथा नृत्यातून उलगडते. यंत्रांपुढे राबणारे मजूर नाचतात, शिक्षणाची विटंबना नाचते, देशाभिमान नाचतो आणि स्वतःचीच थट्टाही करून घेतो. संगीत पं. विष्णू दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतील विष्णुदास शिराळी यांचे. येथे सोडले होते ते गोष्टीचे सरळ निवेदन. मिळाले ते शरीराच्या भाषेत विचार करणारे चित्र. पण धंद्याच्या दृष्टीने ते पडले, आणि उदयशंकरांनी दुसरा चित्रपट दिग्दर्शित केला नाही. जीर्णोद्धार होऊन तो २०१२ साली कान येथील महोत्सवात दाखविला गेला, तेव्हा मधली चौसष्ट वर्षे लोटली होती.

श्रोते हो, या सर्व चित्रपटांच्या दैवात एक साम्य आढळेल. एकाची प्रत लंडनला राहिली म्हणून वाचली, दुसऱ्याची रुग्णालयात पडून राहिली म्हणून. चाकोरीतल्या लोकप्रिय चित्रपटाच्या प्रती पुष्कळ निघतात, गावोगाव फिरतात; एक जळाली तरी दुसरी असते. चाकोरीबाहेरच्या चित्रपटाला मागणी थोडी, म्हणून प्रती थोड्या, म्हणून मरण सोपे. भारतात सुमारे १,३०० मूकपट झाले असे मानले जाते. त्यांतले फारच थोडे उरले. जुनी फिल्म पेट घेई, आणि जी पेटली नाही ती तिच्यातील चांदीसाठी विकली गेली. सन १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून फाळक्यांच्या चित्रांचे उरलेले भाग मिळविले. पण वाटाण्याचे ते रोप हाती लागले नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा मूक ‘सावकारी पाश’ही गेला. देवादिकांच्या चमत्कारांना सरावलेल्या त्या काळी, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी पडद्यावर आणणे हेच केवढे चाकोरीबाहेरचे होते ! त्याचे वर्णन आपण वाचू शकतो, तो पाहू शकत नाही.

म्हणून अशी चित्रे पाहणे, ही केवळ करमणूक मी मानीत नाही. मागणारा असला तरच जपणारा निघतो. आज यांतील बहुतेक चित्रे घरबसल्या पाहता येतात. पूर्वीच्या पिढ्यांना हे भाग्य नव्हते. आरंभीची वीस मिनिटे मत देण्याची घाई करू नये. घरातील मुलांना जवळ बसवावे. त्यांच्या मनातील यादी अजून पुरती लिहून झालेली नसते, त्यामुळे पुष्कळदा त्यांना आपल्या आधी समजते. मग विचारावे, या माणसाने काय सोडले आणि का ? उत्तर मिळाले नाही, तर खुशाल तो चित्रपट बाजूला ठेवावा. परंतु मिळाले, तर त्या चित्राविषयी दुसऱ्या घरी जाऊन सांगावे. कोणाच्या तरी माळ्यावर, कोणत्या तरी गंजक्या डब्यात, असेच एखादे विचित्र चित्र अजूनही पडून असेल. ते मागणारा कोणी तरी हवा.